इकडचं तिकडे दिसतं

"दिवा लागला का, चौगुले?"

मी टेबलाखाली पालथी पडले होते. दातांत टॉर्च धरलेला, त्यामुळे "नाही" म्हणायला गेले तर ते "हाई" असं बाहेर आलं.

"तोंडातलं काढून बोल," वरून हुकूम आला.

कुमुदताई हळबे. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त त्या शाळेतून झाल्या होत्या, मुख्याध्यापिकापणातून नाही. पहिल्या दिवशी मी माझं नाव सुजाता सांगितलं, तर त्यांनी "आडनाव?" असं विचारलं आणि तेव्हापासून मी चौगुलेच.

टॉर्च काढून मी म्हटलं, "नाही लागला, ताई. कार्ड सैल झालंय."

"परत?"

"परत."

मधल्या दारात त्यांच्या भावजय, शालिनीवहिनी, चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "असतात एकेक कार्डं तशी. नसेल मानवत त्याला इथली हवा."

सांगलीत नुकते घरोघर कॉम्प्युटर येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी डिप्लोमा करून साळोखे सरांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात लागले होते. लागले म्हणजे काउंटरवर. फ्लॉपी विकायच्या, फोन घ्यायचे आणि दुरुस्तीला पोरं पाठवायची. "तू कशाला गं टेबलाखाली शिरतीस? कपडे खराब व्हतील," हे सरांचं ठरलेलं उत्तर. शेवटी मी इतकी मागे लागले की त्यांनी वैतागून हळब्यांचं काम माझ्याकडे दिलं, तेही घरात दोघी बायकाच आहेत म्हणून.

गावभागातल्या त्या घरात दोघी मिळून ‘जोडा वधूवर सूचक केंद्र’ चालवायच्या. नाव कुमुदताईंनी ठेवलेलं. पाटी वाचून अधूनमधून कुणीतरी चपला दुरुस्तीला घेऊन यायचं, त्यालाही त्या बसवून "घरात कुणी लग्नाचं आहे का?" विचारायच्या. कुमुदताईंनी स्वतः लग्न केलेलं नव्हतं. वहिनी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. ननंद-भावजय दोघीच राहिल्या होत्या.

बाहेरच्या खोलीत कुमुदताईंचा कॉम्प्युटर. आलेल्या मंडळींना स्थळं दाखवायची ती त्यावर. आतल्या खोलीत वहिनींचा. टेलिफोन तिकडे, म्हणून इंटरनेट तिकडे. बाहेरगावचे फोटो ई-मेलनं वहिनींकडे यायचे, त्या ते फ्लॉपीवर घेऊन बाहेर आणून द्यायच्या. एकदा या आणण्या-नेण्यात घोटाळा झाला. इचलकरंजीच्या मंडळींनी फोटोतला उंच, दाट केसांचा मुलगा पसंत केला आणि पत्ता शोधत गेले, तर दार उघडलं एका टकलू गृहस्थांनी. मुलीच्या वडिलांनी वाकून नमस्कार केला आणि "चिरंजीव कुठं आहेत?" असं विचारलं. चिरंजीव तेच होते.

त्या दिवशी कुमुदताईंनी दुकानात फोन केला. सर मला घेऊन गेले आणि उभ्या उभ्या भाषण दिलं. "दोन्ही कॉम्प्युटरला एकेक नेटवर्क कार्ड टाकायचं, मधनं वायर. की झालं! इकडचं तिकडं दिसतं, तिकडचं इकडं. काय लपून ऱ्हात नाही बघा."

"सगळं दिसतं?" कुमुदताईंनी विचारलं.

"सगळं?" वहिनींनीही विचारलं.

"एकूण एक!" सरांनी छाती फुगवली.

दोघींना फार आनंद झालाय, असं मला तेव्हा वाटलं.

कार्ड बसवणं म्हणजे तसं काही अवघड नसतं. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढायचं, आतल्या पांढऱ्या खाचेत कार्ड दाबून बसवायचं, वर एक स्क्रू आवळायचा. मागं वायरचा जॅक खोचायचा, तो ‘टक्’ असा आवाज करून अडकतो. दोन्हीकडे नीट बसलं की कार्डाच्या पाठीवर बारका हिरवा दिवा लागतो. मी हे सगळं करत असताना कुमुदताई शेजारी हात मागं बांधून उभ्या होत्या. "हे काय? ते काय? हा स्क्रू कशासाठी? तो काढला तर काय होईल?" मला इतकी जिज्ञासू विद्यार्थिनी पुढं कधी भेटली नाही. जाताना मी आतल्या कॉम्प्युटरवरून एक फोटो बाहेर पाठवून दाखवला. दोघींनी फोटोकडे पाहिलंच नाही. एकमेकींकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. "कार्ड गेलं," कुमुदताई म्हणाल्या. घरातलं कुणी गेल्यासारख्या आवाजात.

गेले. बाहेरचं कार्ड खाचेतून एका बाजूनं वर आलं होतं. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा दाबून बसवलं. दिवा लागला. वहिनींनी भडंग दिलं, वर कांदा चिरून. खाऊन आले.

मग पुन्हा फोन. या वेळी कार्ड जागेवर होतं, पण आतल्या खोलीत वायरचा जॅक अर्धा बाहेर. दिसायला आत, पण टेकलेला नाही. मी तो ‘टक्’ करून बसवला. पुन्हा भडंग.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. मी कार्डाच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासून काढल्या. खाच बदलली. सॉफ्टवेअर काढून नव्यानं घातलं. अख्खी वायर बदलली. शेवटी कार्डच बदललं. मी असेपर्यंत दोन्हीकडचे दिवे कसे हसत असायचे आणि मी पायरी उतरून गल्लीचं वळण घेतलं की विझायचे. बाहेरचं नीट केलं की आतलं जायचं, आतलं केलं की बाहेरचं. एकदा तर दोन्ही एकाच दिवशी.

दुकानात पोरं हसायला लागली. "काय सुजाता, भडंग संपलं वाटतं?" सर हसले नाहीत. ते म्हणाले, "हे बघ, एक कार्ड बसवायला एवढ्या फेऱ्या? आता एकदा जा. परत तक्रार आली तर उद्यापास्नं काउंटर. आणि मग परत माझ्याकडं बाहेरचं काम मागायचं नाही."

रडू येत होतं, पण रडत बसण्यापेक्षा मी सायकल काढली. वाटेत विचार केला. यंत्र बिघडतं तेव्हा एका पद्धतीनं बिघडतं. कधी इकडून, कधी तिकडून, आणि नेमकं मी गेल्यावरच, असं ते बिघडत नाही. तसं माणूस बिघडवतं.

मावसबहिणीच्या साखरपुड्याहून आले होते, म्हणून पिशवीत नेलपॉलिशची बाटली होती. गडद मरून. त्या दिवशी बाहेरचं कार्ड बसवून झाकण लावलं आणि मागच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा डब्यावर. स्क्रू फिरला की ठिपका फुटणार. कुमुदताई तेव्हा फोनवर कुणाला तरी "मुलीची उंची विचारली, वडिलांची नाही" असं समजावत होत्या. त्यांचं लक्ष नसेल, असं मी धरून चालले.

पुढच्या फोनची मी आयुष्यात पहिल्यांदाच आतुरतेनं वाट पाहिली. तो आलाच. सरांच्या कानावर जायच्या आत मी पिशवी उचलली.

टेबलाखाली शिरले, टॉर्च मारला. ठिपका जागेवर! फुटलेला नाही, तडकलेला नाही, छान गोल. म्हणजे डबा कुणी उघडलाच नव्हता, चूक माझीच. मी मान खाली घालून निघणार, तोच मला काहीतरी खटकलं. पुन्हा टॉर्च धरला. माझा ठिपका मरून होता. हा गुलाबी होता.

मी टेबलाखालीच तोंडावर हात दाबून हसले. कुणीतरी स्क्रू काढला होता, कार्ड सैल केलं होतं, स्क्रू लावला होता, माझा ठिपका खरवडून काढला होता आणि त्या जागी स्वतःचा, माझ्यापेक्षा नेटका ठिपका दिला होता.

"काय झालं?" वरून कुमुदताई.

"काही नाही, ताई. आतलं पण बघून येते."

आतल्या खोलीत वहिनी नव्हत्या. कॉम्प्युटरच्या टेबलावर मात्र, कंगव्याशेजारी, गुलाबी नेलपॉलिशची बाटली उभी होती. आणि वायरचा जॅक सवयीप्रमाणे अर्धा बाहेर.

वहिनी स्वयंपाकघरात चहाला आधण ठेवत होत्या. मी बाटली त्यांच्यापुढं धरली. "वहिनी, ही तुमची?"

त्यांचा चेहरा बाटलीच्या रंगाचा झाला. "अगं, सहज आणली. लावत नाही मी. म्हणजे पायाला लावते. वन्संना सांगू नकोस."

"नेलपॉलिशचं नाही म्हणत मी. तुम्ही कार्ड काढता ना रोज?"

"देवाशप्पथ, नाही!" त्या म्हणाल्या. मग गॅस बारीक केला. "मी फक्त तो जॅक जरासा ओढते. तो डबा मी कधी उघडला नाही, सुजाता. मला स्क्रूड्रायव्हर धरतासुद्धा येत नाही."

"जॅक तरी का ओढता? माझी नोकरी जायची वेळ आली, वहिनी."

वहिनींनी बाहेरच्या खोलीचा कानोसा घेतला आणि मला हाताला धरून मागच्या दारी, न्हाणीघराजवळ नेलं. तिथं त्यांनी जे सांगितलं ते इतक्या भरभर सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. कोल्हापूरचे एक सबनीस होते. वीज मंडळातून निवृत्त, बायको वारलेली. मुलाचं नाव नोंदवायला आले होते. मुलाचं लग्न जमलं, झालं, सून घरात आली, तरी वडिलांचे ई-मेल येतच राहिले. आधी आभाराचे. मग हवापाण्याचे. मग रोज.

"आणि तुम्ही?"

"उत्तर द्यायला नको का? माणुसकी म्हणून?" असं म्हणून त्या जी हसल्या, ती माणुसकी मला नीटच कळली.

"पण याचा नेटवर्कशी काय संबंध?"

"काय संबंध म्हणजे? तुझे साहेबच म्हणाले ना, इकडचं तिकडे दिसतं! इकडे मी सबनिसांना लिहायला बसणार, आणि तिकडे बाहेर चार पाहुणे, वन्सं, सगळ्यांना ते दिसणार?"

मी कपाळाला हात लावला. सरांनी छाती फुगवली होती त्याची फळं मी टेबलाखाली भोगत होते. मी वहिनींना समजावलं की तसं काही नसतं. आपण जो कप्पा उघडा ठेवू तेवढाच पलीकडे दिसतो. फोटोंचा कप्पा उघडा आहे, बाकी सगळं कुलपात.

"नक्की? वन्संनी मनात आणलं तरी?"

"त्यांनी मनात आणलं तरी."

वहिनींनी डोळे पुसले आणि लगेच भडंगाचा डबा काढायला वळल्या. "एवढंच होतं तर! उगाच बिचाऱ्या त्या जॅकला..." मग थबकल्या. "पण मग तो डबा कोण उघडतं गं?"

मी बाहेर गेले. कुमुदताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, उजवा अंगठा मुठीत लपवलेला.

"ताई, हात बघू."

अशा स्वरात त्यांच्याशी जन्मात कुणी बोललं नसावं. तरीही त्यांनी मूठ उघडली. अंगठ्याच्या पेरावर गुलाबी डाग.

"दार लोटून घे," त्या म्हणाल्या. मी लोटलं. "बस." बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "चौगुले, माणसाला एखादं व्यसन असू शकतं."

"हो, ताई."

"मी या यंत्रावर पत्ते खेळते."

मी ओठ चावले.

"दुपारी. एकटीच. जन्मभर मुलींना वेळ वाया घालवू नका म्हणून सांगितलं. शालिनीला हे दिसता कामा नये. म्हणून मी ते कार्ड काढत होते. ठिपकासुद्धा मीच दिला. तू दिलेला मला फोनवर असतानाच दिसला होता. मुलींच्या कॉप्या मी अशाच पाठमोरी राहून पकडल्यात."

"पण मग बिघडल्याचा फोन तुम्हीच का करत होता?"

"बिघडलेलं असताना तक्रार केली नाही तर संशय येतो."

मला वाटलं, यांना पुढारी करायला पाहिजे होतं. मी त्यांनाही तेच समजावलं, पत्ते पलीकडे दिसत नाहीत, फक्त फोटोंचा कप्पा दिसतो. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला.

"आणि तिकडचं मला?"

"तेही नाही."

"मी मुद्दाम पाहायचं ठरवलं तरी?"

"तरीही नाही."

"असं होय," कुमुदताई म्हणाल्या आणि खुर्चीत जरा मागं टेकल्या. "मग हे त्या तुझ्या दाढीवाल्या मालकानं पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? बसव ते नीट."

त्या दिवसापासून हळब्यांकडचे दोन्ही दिवे लागलेले राहिले. तक्रार बंद झाली. सर म्हणाले, "काय केलंस?" मी म्हटलं, "कप्पे नीट लावले." त्यांना काही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दूध संघाच्या कार्यालयात अख्ख्या मजल्याचं काम दिलं. काउंटरवर एक नवा मुलगा बसला. मी त्या दोन बायकांची दोन गुपितं पोटात घेऊन सायकलवरून गावभर हिंडत होते आणि मधेच एकटीच हसत होते. एक प्रेमात पडलेली, दुसरी पत्त्यांच्या नादी लागलेली, आणि दोघी एकाच छपराखाली एकमेकींना घाबरून.

दिवाळी उलटून गेल्यावर पुन्हा फोन आला. "चौगुले, कार्ड गेलं. तूच ये."

भर दुपारी गेले. आत वहिनी पडल्या होत्या, डोकं दुखतंय म्हणून. मी टेबलाखाली वाकले. हिरवा दिवा मजेत लागलेला.

"चालू आहे की, ताई."

"मला ठाऊक आहे. ते बिघडव."

मी वर पाहिलं. कुमुदताईंनी आवाज खाली आणला. "म्हणजे असं कर की तिच्याकडचं मला इकडे दिसेल. सगळं."

"का बरं?"

"तिचं कुणाशी तरी जमलंय."

मी चेहरा शक्य तितका मख्ख ठेवला. कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "तुला माहीत आहे. तू कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं असशील, तर सांगू नकोस. मी नाव विचारत नाही. मला नाव ठाऊकही नाही. पण जन्म मुलींच्या शाळेत गेला माझा. बाई गुणगुणत पोळ्या लाटायला लागली, पायाच्या बोटांना रंग लावून त्यावर घरात मोजे घालायला लागली, की मला फळ्याकडे तोंड करूनही कळतं."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून..."

"तुम्ही कार्ड बसवायला आलात त्याच्याही आधीपासून."

"आणि ते पत्ते?"

"कसले पत्ते? मला राणी आणि गुलाम यांतला फरक कळत नाही."

मी तशीच जमिनीवर मांडी घालून बसले. कुमुदताई खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या. "तो तुझा मालक म्हणाला, सगळं दिसतं. मला धडकीच भरली. दिसलं असतं तर मला बोलावं लागलं असतं. काय बोलले असते? हो म्हटलं असतं तरी तिला वाटलं असतं, वन्संना मी घरात नकोशी झाले. नको तर मी म्हणणारच नव्हते. मला वाटलं, तिला सांगायचं तेव्हा ती सांगेल. तोवर आपल्याला दिसायलाच नको. म्हणून काढत होते ते कार्ड."

"मग आता?"

"आता तिनं ते बंद केलंय. आठवडा झाला, ती त्या कॉम्प्युटरसमोर बसलेली नाही. गुणगुणत नाही. काल मला म्हणाली, वन्सं, आपण दोघी आहोत तेच बरं, नाही का? मी तुम्हाला सोडून कुठं जाणार?" त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "मी तिला धरून ठेवलंय, चौगुले. नुसती इथं बसून. आता मला दिसलं पाहिजे, म्हणजे मला बोलता येईल."

मला गलबलून आलं, पण धंद्याची नीतीही होतीच. "ताई, दुसऱ्याचे मेल मी उघडून दाखवणार नाही. आणि हे कार्ड कसंही बिघडलं तरी त्यातून तसं काही दिसत नसतं."

"हे तुला माहीत. तिला?"

"त्यांनाही. मीच सांगितलंय."

"मग तूच सांग, की आज दिसलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. शाळेत प्रार्थनेला उभ्या असाव्यात तशा त्या गंभीर होत्या. मला नाही म्हणायला वेळच दिला नाही. एकदम आवाज चढवून हाक मारली, "शालिनी! इकडे ये जरा!"

वहिनी पदर सावरत आल्या. पडद्यावर कराडच्या एका मुलाचा फोटो होता, बाकी काही नाही. कुमुदताईंनी पडदाच बंद केला.

"शालिनी, तुझं सगळं मला इकडे दिसलं."

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "सुजाता, तू तर म्हणाली होतीस, दिसत नाही म्हणून!"

आजवर मी किती यंत्रांना बरं केलंय, पण धडधाकट यंत्राला आजारी म्हणायची माझी ती पहिली वेळ. "बिघाड झालाय, वहिनी," मी म्हटलं. "कार्डात. कधी कधी कुलूप तुटल्यासारखं होतं आणि एकदम सगळं... वाहून येतं."

"वाहून येतं?"

"लोंढाच," मी म्हटलं. कुमुदताईंनी माझ्याकडे ‘पुरे’ अशा अर्थानं पाहिलं.

वहिनी खुर्चीत बसल्या. कुमुदताई म्हणाल्या, "आपण गावाची लग्नं जमवतो. घरातलं जमलं तर त्याचं सुतक पाळायचं?"

"वन्सं, मी नाही म्हणून कळवलंय त्यांना."

"मग हो म्हणून कळव. वायर चालू आहे का, चौगुले?"

"हो, ताई."

"तुम्ही एकट्या कशा राहाल?" वहिनींचा आवाज फुटला.

"कोल्हापूर काय काशीला आहे? एसटीत बसलं की पोचलं. आणि एकटी कशानं? रोज दहा मंडळी येतात, त्यातली निम्मी जेवल्याशिवाय हलत नाहीत. तू इथं माझ्यासाठी बसून राहिलीस, तर मला रोज तुझ्याकडे बघावं लागेल. ते माझ्यानं व्हायचं नाही."

वहिनी रडत होत्या आणि मधेच हसतही होत्या. पदरानं नाक पुसत त्यांनी विचारलं, "मग तुम्हाला कसे वाटले सबनीस?"

कुमुदताई गडबडल्या. हे नाव त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"सबनीस," त्या म्हणाल्या. "सबनीस तसे बरे वाटले. शुद्धलेखन चांगलं आहे."

वहिनी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि वाकून नमस्कार केला. कुमुदताईंनी त्यांना मधेच धरलं आणि "पुरे, पुरे, चहा टाक" म्हणून आत पिटाळलं.

लग्न कोल्हापूरला झालं, नोंदणीचं, मोजक्या माणसांत. सबनीस गोल चेहऱ्याचे, सारखे रुमालानं कपाळ पुसणारे गृहस्थ निघाले. बायकोपेक्षा ते तिच्या ननंदेलाच जास्त भीत होते. मुलगा आणि सून पंगतीत वाढत होते. कुमुदताई पंगतीच्या टोकाला उभ्या राहून आचाऱ्याला मसालेभाताचं काय चुकलं ते सांगत होत्या.

हात धुवायला गेले, तिथं वहिनींनी मला गाठलं. जरीचं निळं पातळ, आणि बोटांना, हाताच्या बोटांना, उघड उघड गुलाबी रंग.

"सुजाता, खरं सांग. त्या दिवशी कार्ड बिघडलं होतं?"

"वहिनी, ते जरा तांत्रिक आहे..."

"राहू दे तुझं तांत्रिक. यांच्या मेलमध्ये मराठी अक्षरं उमटतच नाहीत. सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. त्यात ऱ्हस्व कुठलं आणि दीर्घ कुठलं? शुद्धलेखन दिसलं कुठं वन्संना?"

मी नळ बंद केला. "म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"तिथल्या तिथं."

"मग बोलला का नाहीत?"

वहिनींनी मंडपात पाहिलं. कुमुदताई आता सबनिसांच्या ताटापुढं उभ्या होत्या आणि ते निमूटपणे दुसऱ्यांदा भात घेत होते.

"अगं, माझ्यासाठी त्या जन्मात पहिल्यांदा खोटं बोलत होत्या," वहिनी म्हणाल्या. "त्यात चूक कशी काढायची?"